घड्याळाचा खोका धडधाकट पोचला, आतली काच नाही – जुन्या मौल्यवान वस्तू ऑनलाइन विकता तेव्हा पॅकिंग कसं करता?

अडगळीतला खजिना
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय आणि तोही रडगाणं गायला. सासऱ्यांचा संग्रह आमच्याकडे आलाय, भिंतीवरची लंबकाची घड्याळं, नाण्यांचे दोन अल्बम, तिकिटांची एक जाडजूड वही, जुन्या रेकॉर्डी आणि थोडी चिनी मातीची भांडी. त्यांनीच सांगून ठेवलं होतं की धूळ खात ठेवू नका, कदर असेल त्याच्याकडे जाऊ दे. म्हणून पहिलं एक घड्याळ ऑनलाइन विकलं. तीन थर बबल रॅप, नवाकोरा खोका, चारी बाजूंनी 'नाजूक वस्तू'चे लाल स्टिकर, टेप तर इतकी की घेणाऱ्याला उघडायला अर्धा तास लागला असेल. आणि त्याचा फोटो आला तर बाहेरचा खोका अगदी धड, कोपरासुद्धा चेपलेला नाही, आत मात्र दाराच्या काचेचा चुरा आणि डायलवर हे एवढे ओरखडे. कुरियरवाले म्हणतात खोका शाबूत आहे म्हणजे तुमचं पॅकिंग चुकलं, क्लेम मिळणार नाही. पैसे परत केले मी, पण हे झालं कसं तेच कळत नाहीये. बाकीच्या वस्तू पाठवायच्या आधी शहाणं करा मला.

चावीवाले काका
एकच विचारतो. लंबक काढला होतात का?

अडगळीतला खजिना
नाही... तो आतच असतो ना?

चावीवाले काका
झालं मग, मिळाला तुमचा चोर. ताई, लंबक म्हणजे दांडीच्या टोकाला लावलेला पितळेचा गोळा, घड्याळ भिंतीवर सरळ असेल तेव्हा तो शहाण्यासारखा झुलतो, आडवं केलं की तोच हातोडा होतो. तुम्ही बाहेरून तीन थर गुंडाळलेत आणि हातोडा आत काचेशेजारी ठेवून दिलात. शिवाय लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीला टांगलेला असतो ती सस्पेन्शन स्प्रिंग बहुतेक मुरडली असणार, घेणाऱ्याला बघायला सांगा, कारण ती वाकली की घड्याळ चार मिनिटं चालून थांबतं आणि मग लोक उगाच सगळी मशीन खोलत बसतात.

पुढच्या वेळी लंबक काढायचा, वजनं असतील तर तीही, चावी काढायची, सगळं वेगवेगळं गुंडाळून वेगळ्या छोट्या खोक्यात. आत टोल्याची तार किंवा गाँग असेल तर त्याच्यामागे नुसता चुरगळलेला पातळ कागद हलकेच सारायचा, काढायची चिठ्ठी दारावर लावायची, नाहीतर घेणारा तसंच चालू करतो (असे महाभाग आहेत). काचेवर मास्किंग टेपची फुली मारली तर फुटली तरी तुकडे डायलवर सांडत नाहीत. पण काचेच्या आतल्या अंगाला रंगकाम किंवा सोनेरी नक्षी असेल तर त्या बाजूला टेप चुकूनही लावू नका, टेपेबरोबर शंभर वर्षांचा रंग निघून येतो.

पट्ट्यावरचा
मी पार्सल छाटणीच्या गोदामात काही वर्षं काढलीत, कुठलं ते विचारू नका. तुमच्या लाल स्टिकरबद्दल बोलतो. पार्सल यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावरून जातं, तिथून घसरगुंडीवरून खाली पडतं, खाली दुसरी पार्सलं असतात, वरून तिसरं येतं. पट्ट्याला वाचता येत नाही. माणसाचा हात लागतो तो गाडी भरताना आणि उतरवताना, त्या वेळी तो फक्त बारकोड आणि वजन बघतो. 'ही बाजू वर' असा बाण काढला म्हणून ती बाजू वर राहते हा गोड गैरसमज आहे. स्टिकर लावायचा तर लावा, मनाला बरं वाटतं.

पॅकिंग करताना डोक्यात एवढंच ठेवा की खोका पडणारच आहे आणि कसाही पडणार आहे. वाहतुकीच्या पॅकिंगच्या चाचण्या ठरवणारी इस्टा म्हणून संस्था आहे, तिच्या १ए या साध्या चाचणीत सुमारे साडेनऊ किलोपर्यंतचा खोका ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडतात. एकदा कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर आणि शेवटी सहाही बाजूंवर. म्हणजे टेबलाच्या उंचीवरून दहा वेळा. तुमचा खोका टेबलावरून दहा वेळा ढकलायची तुमची छाती होते का? होत नसेल तर पॅकिंग झालेलं नाही.

सरळसोट
एवढं कशाला करायचं ते कळत नाही. मी आजवर दोनेकशे वस्तू पाठवल्या असतील, बबल रॅप गुंडाळतो, खोक्यात टाकतो, पाठवतो. दोनच फुटल्या.

बी साईड
@सरळसोट, त्या दोन कोणाच्या होत्या त्यांना विचारलंत का? :)

खणखणीत
नाण्यांबद्दल मी लिहितो, तीस वर्षं हेच करतोय. ताई, अल्बम उघडा आणि आधी वास घ्या. चेष्टा नाही करत. पानांना नव्या रेनकोटसारखा वास येत असेल आणि प्लास्टिक मऊ, लवलवीत असेल तर ते पीव्हीसी आहे. मऊ पीव्हीसीमधला मऊपणा आणणारा द्रव काही वर्षांनी बाहेर पाझरतो आणि नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो, तांब्याच्या नाण्यांचं तर वाटोळं होतं. विकताना नाणी त्यातून काढा आणि मायलारच्या, म्हणजे पॉलिस्टरच्या पाकिटात घाला, ते कडक असतं आणि कुरकुर आवाज करतं. आणि हात जोडून सांगतो, विकायच्या आधी नाणी घासून चमकवू नका. चिंच, लिंबू, पितांबरी काही म्हणजे काही नाही. जुन्या नाण्यावरचा काळपट रंग हीच त्याची किंमत असते, घासलेलं नाणं जाणकार लांबूनच ओळखतो.

पाठवताना नाणं पाकिटात जराही हलता कामा नये. दोन नाणी एकमेकांवर आपटली की कडेला बारीक खाचा पडतात. प्रत्येक नाणं वेगळं, मग दोन पुठ्ठ्यांच्या मधे, पुठ्ठ्यांना चारी कडांनी टेप. रबरबँड अजिबात नाही, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. मी एकदा चांदीची पाच नाणी कागदात गुंडाळून वर रबर लावून कपाटात ठेवली, वर्षानं काढली तर प्रत्येकावर रबराची काळी रेघ, आजही तशीच आहेत, शिक्षा म्हणून ठेवलीत.

आणि नुसत्या लिफाफ्यात नाणं कधी पाठवू नका. छाटणी यंत्राच्या रोलरमधून लिफाफा वळतो, नाणं कागद फाडून बाहेर पडतं, घेणाऱ्याला कोपरा फाटलेला रिकामा लिफाफा मिळतो.

दातेरी कड
तिकिटांसाठी मी. न वापरलेल्या तिकिटांच्या मागे डिंक असतो, दमट हवेत ती एकमेकांना चिकटतात आणि मग पाण्यात सोडवली तर डिंक गेला, म्हणजे किंमतही गेली. म्हणून ग्लासीन, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाचं पाकीट, किंवा काळं स्टॉक कार्ड, म्हणजे तिकिटं खोचायच्या पट्ट्या असलेलं जाड कार्ड, वरून प्लास्टिकची पिशवी पावसापासून. चिमट्यानं उचला, बोटांनी नाही. दातेरी कडेचा एक दात जरी दुमडला तरी भांडण होतं.

सगळ्यात उपयोगाची युक्ती सांगते, आडव्या-उभ्या पुठ्ठ्याची. कोरुगेटेड पुठ्ठ्याच्या आत ज्या नळ्यांसारख्या रेषा असतात त्यांच्या दिशेनं तो पटकन वाकतो, आडवा नाही वाकत. म्हणून दोन तुकडे घ्यायचे, एकाच्या रेषा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, मधे स्टॉक कार्ड. हाताने वाकवून बघा, फळीसारखं होतं. पोस्टकार्ड, जुन्या नोटा, सह्यांचे फोटो, खेळाडूंची कार्डं, सगळ्याला चालतं.

कार्डांचा विषय निघालाच आहे तर, कार्ड आधी मऊ स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लास्टिकच्या पाकिटात, आणि टॉपलोडरच्या तोंडाला पारदर्शक चिकटपट्टी लावू नका. निघत नाही, मग घेणारा कात्री घेऊन येतो, आणि पुढचं सांगायला नको. मास्किंग टेप लावा आणि टोक दुमडून शेपटी ठेवा.

फक्त घेणारा
मी विकत नाही काही, नुसता घेतो, म्हणून दुसऱ्या बाजूनं बोलतो. ती शेपटी ठेवणाऱ्या माणसाला माझ्या आयुष्यभराच्या शुभेच्छा. टेपची ममी करून पाठवणाऱ्यांनो, आम्हाला सुरी चालवायला लागते आणि सुरी कुठे जाते ते दिसत नाही. एकदा मी स्वतःच्या हाताने एका जुन्या नकाशाला चीर पाडली आहे, पॅकिंग उघडताना. विकणाऱ्याची चूक म्हणायची की माझी?

सरळसोट
तुमची.

दातेरी कड
दोघांची. वस्तूला लागून असलेल्या थराला टेप नको, ती फक्त बाहेरच्या खोक्याला. खोक्याला मात्र कंजुषी नको, मधली फट आणि दोन्ही बाजूच्या कडा, इंग्रजी एच अक्षरासारखी.

बी साईड
रेकॉर्डींचं माझ्याकडून घ्या. लोक रेकॉर्ड तिच्या कव्हरातच ठेवून पाठवतात, दिसायला नीटनेटकं दिसतं, पण पार्सल कडेवर पडलं की जड रेकॉर्ड आतून कव्हरच्या शिवणीवर आपटते आणि शिवण फाडून बाहेर डोकावते. रेकॉर्ड आतल्या कागदी पाकिटासकट बाहेर काढायची, रिकाम्या कव्हरच्या मागे ठेवायची, दोन्ही मिळून एका प्लास्टिक पिशवीत आणि दोन्ही बाजूंना कव्हरपेक्षा जरा मोठे पुठ्ठे. एवढंच.

पण खजिनाताई, तुमच्या रेकॉर्डी जड आहेत का, आणि लेबलवर ७८ लिहिलंय का? मग त्या लाखेच्या आहेत, त्या व्हिनाइलसारख्या वाकत नाहीत, सरळ तुकडे होतात. त्यांना खोक्यात खोका हवा आणि दोन रेकॉर्डींच्या मधे फोमचा पातळ थर, एका खोक्यात थोड्याच. आणि पॅकिंगवर पाय ठेवून टेप लावू नका. हसू नका, मी ठेवलाय.

अडगळीतला खजिना
हो, ७८च आहेत! बावीस आहेत. खोक्यात खोका म्हणजे नक्की किती मोकळी जागा सोडायची?

पट्ट्यावरचा
आतल्या खोक्याच्या सहाही बाजूंना किमान पाच सेंटिमीटर, आणि ती जागा मोकळी नाही सोडायची, भरायची. भरायला चुरगळलेला जाड कागद उत्तम, घट्ट कोंबायचा. ते शेंगदाण्यांसारखे थर्माकोलचे तुकडे मिळतात ते टाळा, प्रवासात थरथरीनं जड वस्तू त्यातून हळूहळू तळाला जाते आणि शेवटी पुठ्ठ्यावर बसते. थर्माकोल वर, वस्तू खाली, सगळं उलटं.

खोका नवा घ्या. एकदा प्रवास केलेल्या खोक्याची ताकद निम्म्यावर आलेली असते असं समजून चाला, आणि ओल लागलेला पुठ्ठा तर पापड. जड वस्तूला तीन प्लाय, म्हणजे तीन थरांचा पुठ्ठा नको, पाच प्लाय.

शेवटी हलवून बघायचं. बंद केलेला खोका कानाशी धरून हलवा, आतून 'टक' आलं की उघडा, परत भरा. तुमच्या घड्याळाच्या वेळी हे एवढं केलं असतंत तर लंबकानं स्वतःच सांगितलं असतं.

चावीवाले काका
हेच, अगदी हेच.

अडगळीतला खजिना
कळलं हो काका :( पण खोक्यात खोका केला की खोका केवढा होतो! मी दुसऱ्या घड्याळासाठी चौकशी केली, घड्याळ पाच किलोचं आणि कुरियरवाला म्हणतो साडेचौदा किलोचे पैसे. मला वाटलं फसवतोय.

पट्ट्यावरचा
नाही फसवत. व्हॉल्युमेट्रिक वजन. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, हा भाजक कंपनीगणिक बदलतो पण परदेशी एक्स्प्रेसला बहुतेक हाच असतो. ६० × ४० × ३० चा खोका झाला ७२,०००, म्हणजे १४.४ किलो, तोच तुमचा खोका असणार. विमानात जागाही विकतात, नुसतं वजन नाही. म्हणून किंमत ठरवायच्या आधी खोका ठरवायचा, विकून झाल्यावर नाही. लोक उलट करतात आणि मग पैसे वाचवायला आतला खोका काढून टाकतात.

सरळसोट
मी म्हणतो एवढी डोकेफोड करण्यापेक्षा विमा काढा आणि मोकळे व्हा. फुटलं तर फुटलं, पैसे मिळतील.

दातेरी कड
अहो सरळसोट, विम्याची अट कधी वाचलीत का? नाणी, नोटा, टपाल तिकिटं, दागिने, प्राचीन वस्तू, काचसामान ही यादी कित्येक कुरियरच्या 'आम्ही जबाबदार नाही' या परिच्छेदात असते. पैसे भरलेत, पावती आहे, आणि वस्तूच यादीत नाही. शिवाय 'जाहीर केलेली किंमत' आणि 'विमा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, काउंटरवरचा मुलगा एकच समजून बोलतो.

त्यातही गंमत बघा. विमानाने परदेशी जाणाऱ्या मालासाठी १९९९ चा माँट्रियल करार आहे, त्यात वाहतूकदाराची भरपाईची मर्यादा वजनावर आहे, २०२४ च्या डिसेंबर अखेरीपासून किलोला २६ एसडीआर. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. दोनशे ग्रॅमच्या पाकिटात तुमचं आयुष्यातलं सगळ्यात महागडं तिकीट असलं तरी मर्यादा ५.२ एसडीआर. लोखंडाची पहार पाठवणारा आपल्यापेक्षा सुरक्षित. माल सोपवतानाच खास किंमत जाहीर करून जादा आकार भरला तर ती मर्यादा जाहीर केलेल्या किमतीपर्यंत वाढते. माल खराब मिळाला तर मिळाल्यापासून १४ दिवसांत लेखी कळवायचं, हेही त्यातच. टपालाने पाठवलं तर हा करार लागू नाही, तिथे टपालाचे नियम.

खणखणीत
टपालाचे नियमही सांगून टाकतो, जागतिक टपाल संघाच्या करारातच आहे की नाणी, नोटा, सोनं-चांदी, रत्नं असल्या वस्तू विमा नसलेल्या साध्या टपालात घालायच्या नाहीत. त्याशिवाय प्रत्येक देशाची आपापली बंदीची यादी असते, ज्या देशात पाठवायचं तिथली बघा. आमच्यातले काही हुशार 'धातूची बटणं' असं लिहून पाठवतात, मग हरवलं की बटणांची भरपाई मागत फिरतात.

फक्त घेणारा
हे 'भेटवस्तू' लिहून कस्टम वाचवणारेही तसलेच. मला विचारतात, कमी किंमत लिहू का? मी नाही म्हणतो. पकडलं तर अडकतो मी, आणि हरवलं तर लिहिलेल्या किमतीच्या वर एक पैसा मिळत नाही.

अडगळीतला खजिना
बाप रे. मग मौल्यवान वस्तू लोक पाठवतात तरी कशा?

खणखणीत
रजिस्टर्ड किंवा इन्शुअर्ड टपाल, सही घेऊनच द्यायचं. होप डायमंड माहितीये ना, तो निळा ४५.५२ कॅरटचा हिरा? जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी १९५८ च्या नोव्हेंबरमध्ये तो न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला चक्क टपालाने पाठवला, साध्या तपकिरी कागदात गुंडाळलेला खोका, रजिस्टर्ड. एकूण खर्च १४५ डॉलर २९ सेंट, त्यात टपालखर्च फक्त २ डॉलर ४४ सेंट, बाकी सगळा दहा लाख डॉलरच्या विम्याचा. दोन दिवसांनी पोस्टमननं नेऊन दिला. ते वेष्टनही आता संग्रहालयात जपून ठेवलंय.

सरळसोट
बघा! साधा तपकिरी कागद! मी तेच म्हणतोय!

बी साईड
हिरा आहे हो तो. तुम्ही चहाची किटली पाठवा तशी.

खणखणीत
सरळसोटांचं अर्धं बरोबर आहे बरं का. त्या कागदाकडे बघून कोणाला कळलं नाही आत काय आहे. खोक्यावर 'दुर्मिळ नाणी' लिहू नका, दुकानाचं नाव छापलेली टेप नको, पाठवणाऱ्याच्या नावात 'कॉइन्स' शब्दसुद्धा नको. आतल्या कागदावर मात्र दोन्ही पत्ते आणि फोन लिहून ठेवा, बाहेरचं लेबल फाटलं तर तेच कामाला येतं.

अडगळीतला खजिना
चिनी मातीच्या किटल्या खरंच आहेत माझ्याकडे, दोन.

चावीवाले काका
आमच्या सौ. चा प्रांत, विचारून लिहितो. झाकण वेगळं गुंडाळायचं, किटलीवर ठेवून टेप मारायची नाही. पोटात कागद भरायचा पण कोंबायचा नाही. कान आणि चोच यांच्या भोवती कागदाची वेटोळी अशी द्यायची की सगळी किटली एक गोल गोळा झाली पाहिजे, कुठे काही बाहेर आलेलं नको, कारण बाहेर आलेलं तेच मोडतं. वर्तमानपत्र थेट वस्तूला लावायचं नाही, शाई उतरते, विशेषतः सोनेरी कड असेल किंवा बारीक तडे असतील तर. आधी पांढरा पातळ कागद, मग बबल रॅप, मग खोक्यात खोका. तिचं म्हणणं बबल रॅपसुद्धा लाखेचं पॉलिश किंवा रंग असलेल्या वस्तूला थेट नको, उन्हात तापलेल्या गाडीत त्या फुग्यांचे ठसे उठतात. माझ्या एका घड्याळाच्या पेटीवर उठलेत, त्यामुळे हे ती मला सारखं ऐकवते.

फक्त घेणारा
बबल रॅपचा शोध म्हणे १९५७ मध्ये भिंतीला लावायचा उठावदार वॉलपेपर म्हणून लागला होता. पेटीवर नक्षी उठवणं हे त्याचं मूळ काम आहे काका.

सरळसोट
बरं, व्हिडिओचं काय? मी हल्ली पॅकिंगचा व्हिडिओ काढतो. एकानं रिकामा खोका मिळाला म्हणून पैसे परत मागितले, तेव्हापासून.

पट्ट्यावरचा
हे चांगलं करता. पण व्हिडिओ सलग हवा, वस्तू, तिची खूण, खोका बंद होणं, लेबल, आणि शेवटी वजनकाट्यावरचा आकडा. ग्रॅमपर्यंतचं वजन काउंटरच्या पावतीवर आलं पाहिजे. रिकाम्या खोक्याचं भांडण व्हिडिओपेक्षा वजनाच्या पावतीवर जास्त लवकर मिटतं, वाटेत वजन बदललं की कुठल्या टप्प्यावर हात मारला तेही कळतं.

दातेरी कड
आणि परत आलेली वस्तू तीच आहे का हे कसं ओळखणार? चांगलं तिकीट घेऊन खराब परत पाठवणारे भेटलेत मला. पाठवायच्या आधी दोन्ही बाजूंचं स्कॅन मोठ्या रिझोल्यूशनवर, दात मोजता आले पाहिजेत. वस्तूवर खूण करायची नाही, फोटो हीच खूण.

अडगळीतला खजिना
सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून कपाटाच्या दाराला लावलंय. एक शंका राहिली, सासऱ्यांचं भिंग आहे, मूठ हस्तिदंती वाटते, ते परदेशातल्या एकानं मागितलंय.

खणखणीत
थांबा. हस्तिदंत, समुद्री कासवाची पाठ, बरीचशी प्रवाळं यांना साइट्स करार लागतो, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, १९७५ पासून आहे. परवान्याशिवाय सीमेपार पाठवायचं नाही, जुनं असलं तरी, आणि देशातल्या देशात विकायलाही ठिकठिकाणी बंदी आहे. लिस्टिंग आधी खाली घ्या, मग मूठ कशाची आहे ते जाणकाराला दाखवा. हाडाची असते पुष्कळदा, पण अंदाजावर पाठवू नका.

अडगळीतला खजिना
खाली घेतलं.

अडगळीतला खजिना
दोन आठवड्यांनी वर काढतेय धागा. दुसरं घड्याळ पोचलं! लंबक वेगळा, चावी वेगळी, पाच प्लायचा खोका, आत खोका, कागद कोंबून कोंबून हात दुखले. हलवून बघितलं, आवाज नाही. नवऱ्याला म्हटलं टेबलावरून ढकल, त्यानं नकार दिला, मग मीच डोळे मिटून पलंगावर टाकलं, अर्धी चाचणी. घेणाऱ्यानं फोटो पाठवलाय, भिंतीवर लागलंय. फक्त विचारतोय की टांगल्यावर चार मिनिटांत बंद का पडतं.

चावीवाले काका
भिंतीवर सरळ बसलेलं नसणार. खालचं टोक डावी-उजवीकडे किंचित सरकवत त्याला कान लावून ऐकायला सांगा, टिक आणि टॉक दोन्हीत सारखं अंतर आलं की तिथे सोडायचं. आणि टोल्यामागचा कागद काढलाय का ते विचारा.

अडगळीतला खजिना
विचारलं. कागद आतच होता.